बेडकाची वहिवाट

"भाऊ, तुमच्या भितीची बुडातली एक वीट काढली तर चालंल का?"

शेजारच्या चांगुणाबाईनं हे विचारलं तेव्हा मी अंगणात दाढी करत बसलो होतो. अर्ध्या तोंडाला फेस. तसाच उठून भिंतीपाशी गेलो.

"वीट? ती कशापायी?"

"बेडकाला जायला-यायला. माझ्याकडून तुमच्या न्हाणीच्या वल्या जागंकडं येऊ बगत्यात बिचारी, अन् भितीला थटून बसत्यात."

आता सांगा, यावर माणसानं काय म्हणावं?

मी नरसिंग. चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. आधी साखळी ओढणारा, मग परीक्षा देऊन मोजणीदार. कंधार, देगलूर, निलंगा, आणि शेवटची सात वर्षं शिरूर अनंतपाळ. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणूस सरळ येऊन 'तुमची जमीन द्या' असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, पाव्हणं, म्हशीला पाण्याला न्यायला जरा वाट द्या. तुम्ही देता. म्हैस मरते, पाणी आटतं, वाट राहते. वीस वर्षांनी तोच माणूस कोर्टात छाती काढून सांगतो, ही माझी वहिवाट आहे. म्हशीच्या, बैलगाडीच्या, पालखीच्या नावावर वाटा मागणारे मी ढिगानं पाहिले. बेडकाच्या नावावर मागणारी ही पहिलीच.

"न्हाई जमायचं," मी म्हणलं.

"बरं," ती म्हणाली आणि हसली. मला तिचं ते हसणं अजिबात आवडलं नाही. जिला खरंच बेडकाचं पडलेलं असतं ती बाई भांडते. ही हसून आत गेली.

दाढी तशीच राहिली. मी भिंतीच्या कडेनं दोन चकरा मारल्या आणि बुडाच्या विटा मोजल्या.

ती भिंत म्हणजे माझा जीव. आमची कॉलनी शिरूरच्या बाहेरच्या अंगाला, तीस बाय पन्नासचे प्लॉट, मागं कॉलनीची मोकळी जागा, तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. माझा प्लॉट कोपऱ्यापासून चौथा. मी घर बांधलं तेव्हा पाचवा प्लॉट मोकळा होता, नुसती रुई आणि दगड. त्या बाजूची भिंत कुठं घ्यायची ते गवंडी विचारायला लागला. मी म्हणलं, तू बाजूला हो. रिटायर झालो तेव्हा ऑफिसनं मला मोडीत निघालेली तेहतीस फुटांची लोखंडी साखळी आठवण म्हणून दिली होती. हार-नारळ सगळ्यांनाच मिळतो, साखळी मला मिळाली. ती काढली, कोपऱ्याच्या दगडापासून स्वतः मोजत आलो आणि भिंतीची ओळ आखली. चौतीस वर्षांत कुणाची बोटभर जमीन मी इकडची तिकडं केली नाही. पैशानं केली नाही, ओळखीनं केली नाही, साहेबाच्या दमानं केली नाही. माझ्याकडं दुसरं काही नाही मिरवायला. शेत नाही, पोरगं पुढारी नाही. एवढंच आहे, आणि ते मी मिरवतो.

चांगुणाबाई पाचव्या प्लॉटवर चार वर्षांखाली आली. नवरा वारलेला, दोन पोरी दिल्या घरी. गावाकडं सात एकर होतं, ते साठवण तलावात गेलं. इथं दोन खोल्या बांधल्या आणि मागची जागा मोकळी ठेवली. लोकांनी विचारलं, बाग करणार का? तर म्हणाली, हाव.

बाग म्हणजे आपल्याला काय वाटतं? गुलाब, मोगरा, एखादं लिंबू. हिनं तसलं काहीच केलं नाही. रुई उपटायची सोडून ठेवली. तरवड येऊ दिला, एरंड येऊ दिला. पालापाचोळा झाडायचा तर ओढून कोपऱ्यात साचवला. बाभळीच्या वाळक्या फांद्यांचा ढीग घातला, तोही नेमका माझ्या भिंतीला लागून. जुनी परात जमिनीत काठापर्यंत पुरली, पाणी भरलं आणि त्यात दगड ठेवले. मी विचारलं, दगड कशाला? म्हणाली, मधमाशी पाण्यात पडली तर तिला वर चढायला. एरंडाच्या पोकळ काड्यांच्या पेंढ्या बांधल्या आणि भिंतीला खिळे ठोकून टांगल्या. माझ्या भिंतीला! त्यात म्हणे माशा अंडी घालतात.

"हे खिळे कुणाला विचारून ठोकले?" मी गरजलो.

"माझ्या अंगानं हायत भाऊ, तुमच्याकडं टोक न्हाई आलं."

म्हणजे हिनं भिंतीची जाडी मोजलेली होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथं. साध्या बाईला भिंतीची जाडी कशाला लागते?

त्या दिवसापासून मी वही सुरू केली. तारीख, वार, काय केलं, कुठं केलं. पंचनाम्याला लागतं तसं. 'भिंतीच्या बुडाला उकरून भुसभुशीत माती टाकली. कारण विचारता, बेडकाला निजायला मऊ जागा, असे उत्तर.' 'संध्याकाळी भिंतीलगत काठी घेऊन उभी. काठीची लांबी अंदाजे चार फूट.' 'मागच्या फाटकातून ओपन स्पेसमध्ये बोरीचे रोप लावले.' हे शेवटचं वाचून तर मलाच घाम फुटला. आपल्या कुंपणाबाहेर झाड लावणं म्हणजे काय ते मोजणीवाल्याला विचारा. आधी झाड येतं, मग झाडाला आळं, आळ्याला दगड, दगडाला पार.

माझ्या बायकोला, सिंधूला, मी वही वाचून दाखवली. ती गवार मोडत होती.

"अहो, पाखरं येत्यात तिच्याकडं. परवा मुंगूस बघितलं मी, पिल्लं घेऊन चाललं होतं. किती गोड."

"मुंगूस गोडच असतं. मुंगसाच्या मागं कोण येतं ते बघ."

"कोण येतं?"

"दावा येतो, दावा! कोर्टाचा!"

"तुमचं डोस्कं फिरलंय," ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून मोजायला काही न्हाई म्हणून अक्काला मोजून राहिलात."

सिंधू तिला अक्का म्हणते. दोघींचं लई जमतं. रोज दुपारी भिंतीवरून वाटीभर इकडं, वाटीभर तिकडं. मला हेही आवडत नव्हतं. प्रतिवादीच्या घरची आमटी खाऊन माणूस साक्ष कशी देणार?

मग डिसेंबर लागला. येळवस आठ दिवसांवर आली. वेळ अमावस्या म्हणतात ती हीच, आमच्याकडं येळवस. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात बाजार ओस पडतो, घरं कुलूपबंद, सगळी दुनिया रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, आत पाच दगड मांडायचे, ते पांडव, त्यांना चुना आणि काव लावायची, नैवेद्य दाखवायचा, रब्बीच्या पिकातून आंबील शिंपडत फेरी मारायची आणि मग सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोट फुटेस्तोवर. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच.

एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि जागीच थिजलो. चांगुणाबाईच्या मागच्या जागेत, माझ्या भिंतीच्या ओळीत, एका रेषेत, पाच दगड. पाचांनाही ताजा पांढरा चुना.

अहो, चुना लावलेला दगड म्हणजे काय हे मला सांगू नका. मी हजारो लावलेत. हद्दीची खूण आहे ती! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पांडव असतील. मलाही कळत होतं की पांडव असतील. पण येळवस शेतात करतात. तीस बाय पन्नासच्या प्लॉटात कोण करतं? हीच तर हुशारी होती. हद्दीचा दगड रोवला तर कुणीही उपटेल. पांडव उपटायची कुणाची छाती आहे? देव बसला की जागा गेली. देवाला कुलूपकिल्ली लागत नाही आणि सातबारा लागत नाही. अशा चाळीस केसेस मी डोळ्यांनी पाहिल्यात. आज कोप, पुढच्या वर्षी पत्र्याचं शेड, तिसऱ्या वर्षी ट्रस्ट.

मी वहीत लिहिलं आणि खाली जाडी रेघ मारली.

त्याच दुपारी ती भिंतीपाशी आली. "भाऊ, येळवसेला जेवायला माझ्याकडं या दोघं. शेत तर राह्यलं न्हाई. हेच माझं शेत."

सिंधू लगेच हो म्हणाली. मीही हो म्हणालो. जागेची पाहणी करायची एवढी चांगली संधी कोण सोडणार? येळवसेच्या दिवशी मी धुतलेला सदरा घातला आणि खिशात पाच मीटरचा टेप टाकला.

कोप कंबरेएवढी होती. आत पाच दगड, त्यांच्यावर जुनी शाल. मी वाकून नमस्कार केला आणि नमस्काराच्या नावाखाली पहिल्या दगडापासून भिंतीपर्यंत टेप सोडला. दोन फूट सात इंच.

"काय करून राहिलात भाऊ?" मागून आवाज आला.

"काही न्हाई. पाया पडतोय."

"टेप लावून?"

मी काहीतरी पुटपुटलो. टेप झटक्यानं आत गेला आणि माझं बोट चिमटलं. सिंधूनं पदर तोंडाला लावला. खोकला आल्यासारखं करत होती, पण मला ठाऊक आहे तिचा खोकला.

"हे दगड नवे आणले का?" मी सावरून विचारलं.

"नवे कुठले? आमच्या शेतातले हायत. सासऱ्याच्या येळचे." चांगुणाबाई पत्रावळ पुसत होती. "तळ्याचं पाणी चढाय लागलं तवा समदे घरातलं सामान काढत होते. मी दगडं काढून राहिले. गुडघाभर पाण्यातून आणले. बांधावर साळुंक्या बसलेल्या वरडत होत्या. त्यांचं बोरीचं झाड पाण्यात. सरडे, उंदरं, साप, मिळंल तिकडं पळालेले. मला घराचा मोबदला मिळाला भाऊ. त्यांना कुणी काय दिलं?"

मी भज्जीत उंडा बुडवला आणि मान हलवली. हे असं डोळ्यांत पाणी आणणारं बोलणं दावेदाराला चांगलं येतं. देगलूरला एक म्हातारी रडत रडत माझ्याकडून विहिरीचा हिस्सा लावून घ्यायला निघाली होती. मी हललो नाही. भज्जी मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू. दोनदा घेतली.

जेवणानंतर ती आंबिलीचा तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन फेरीला निघाली. रुईवर शिंपडलं, तरवडावर शिंपडलं, पाचोळ्यावर, फांद्यांच्या ढिगावर, परातीवर. मी मागून चाललो होतो, पावलं मोजत. मग तिनं मागचं फाटक उघडलं, ओपन स्पेसमध्ये गेली आणि त्या बोरीच्या रोपाभोवतीही शिंपडलं. येळवसेची फेरी माणूस आपल्याच रानात मारतो. ही कॉलनीच्या जागेत मारून आली. आणखी काय पुरावा पाहिजे?

आणि येताना तिला भिंतीवर आंबील शिंपडताना मी पाहिलं. माझ्या भिंतीवर.

तिसऱ्या दिवशी अळूला पाणी घालायला मी न्हाणीमागं गेलो. तिथली मोठी कुंडी सिंधूनं झाडायला म्हणून सरकवली होती. कुंडीच्या मागं, भिंतीच्या बुडाला, भोक. एक वीट गायब. आरपार दिसत होतं. पलीकडून एक सरडा माझ्याकडं बघत होता, जसं काही मीच घुसखोर.

मी तिथूनच ओरडलो, "सिंधू! बघ! फोडली! शेवटी फोडलीच भिंत!" सिंधू आली, बघितलं, काहीच बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

त्याच दिवशी मोजणी ऑफिसात जाऊन मी हद्द कायम करायचा अर्ज टाकला. अतितातडीची मोजणी. लगतच्या प्लॉटवाल्यांना नोटिसा गेल्या. चांगुणाबाईनं नोटीस हातात घेतली, सिंधूकडून वाचून घेतली आणि भिंतीवरून मला म्हणाली, "भाऊ, मोजू नका."

बस्स. मला पाहिजे होतं ते मिळालं. ज्याच्या मनात पाप असतं तोच मोजणीला घाबरतो.

"का बरं? भीती वाटती का?"

"हाव," ती म्हणाली. "वाटती."

मोजणीला आनंदराज आला. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं, आता स्वतः मोजणीदार. त्याच्याकडं साखळी नाही, टेप नाही. काठीवर बसवलेलं रोव्हर नावाचं यंत्र, ते आभाळातल्या उपग्रहाला विचारून जागा सांगतं. आल्या आल्या माझ्या पाया पडला. कॉलनीतली आठ-दहा माणसं जमली होती. मला बरंच वाटलं. चारचौघांत होऊन जाऊ दे म्हणलं. खुर्च्या टाकल्या, चहा ठेवायला सांगितला आणि आनंदराज खांबापासून खांबापर्यंत काठी रोवत फिरत होता तोवर मी सगळ्यांना वही वाचून दाखवली. खिळे, माती, काठी, बोर, पांडव.

"अन् हे शेवटचं," मी सगळ्यांना न्हाणीमागं नेलं. "हे बघा भोक. न्हाई म्हणलेलं असताना फोडलं. ह्याला म्हणत्यात चोरून वहिवाट पाडणं!"

"ती वीट मी काढली," सिंधू म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होती.

"काय?"

"मी काढली. दसऱ्याच्या आधी. सैलच होती, खुरप्यानं निघाली. अक्कानं मागितली न्हाई परत. मलाच बघवना, ती बेडकं भितीला थटून बसायची ते. पुढं कुंडी ठिवली, तुम्हाला दिसाया नको म्हणून."

कुणीतरी हसलं. मी म्हणलं, ठीक आहे, घरचा भेदी. वीट जाऊ द्या. हद्द काय निघते ते बघू. तेवढ्यात आनंदराज आला. यंत्राच्या पडद्याकडं बघत होता, माझ्याकडं बघत नव्हता.

"काका, जरा आत चला. चहा पिऊ."

"चहा इथंच आलाय. बोल."

"आत बोलू काका."

"आनंदराज, मी तुला काय शिकवलं? मोजणीचा निकाल सगळ्या धारकांसमोर सांगायचा. बोल, किती आलीय ती आत?"

तो हळू म्हणाला, "त्या न्हाई आल्या काका. तुमची भिंत त्यांच्या हद्दीत आहे. पुढून मागपर्यंत. फूटभर."

कुणी हसलं नाही आता. हसले असते तर बरं झालं असतं.

"पुन्हा मोज," मी म्हणलं.

"तीनदा मोजलं."

"यंत्र बिघडलं असंल."

"काका, भिंत आखली तेव्हा कशानं मोजलं होतं?"

तोंडातून शब्द फुटायच्या आधीच माझ्या डोक्यात उजेड पडला. साखळी. लोखंडी साखळी वर्षानुवर्षं ओढून ओढून कड्या झिजतात, ताणतात, साखळी लांब होते. म्हणून ऑफिसात दर थोड्या दिवसांनी दोन खुंट्यांमध्ये लावून तपासायची असते. हे मी या आनंदराजला स्वतः शिकवलंय, छडी घेऊन. आणि जी लांबली, तपासात नापास झाली, म्हणूनच मोडीत निघाली, ती मी हार घालून घरी आणली आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. कोपऱ्यापासून चार प्लॉट, म्हणजे जवळजवळ चार साखळ्या. दर साखळीला चार बोटं जास्त. तीस फुटांचा मालक एकतीस फुटांत नांदत होतो, आणि दुसऱ्याच्या जागेत उभ्या केलेल्या भिंतीची वीट तिची मालकीण मला हात जोडून मागत होती.

आनंदराजनं माझ्या अंगणात, भिंतीच्या फूटभर अलीकडं, चुन्याची रेघ मारली. नियमच आहे तो. मी सही केली. लोकं चहा न पिताच पांगली. चांगुणाबाई सही करून केव्हाच आत गेली होती. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचा तरी आधार धरून उभा राहिलो असतो.

दुपारी जेवलो नाही. सिंधूनं ताट वाढलं, मी उठलो, पहार घेतली आणि भिंतीपाशी गेलो. चौतीस वर्षं राहू दे, उरलेल्या वर्षांची लाज तरी वाचवायची होती. भिंत पाडायची, आजच, आपल्या हातानं. लोकांनी उद्या बघितलं पाहिजे की नरसिंगनं चूक केली आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता निस्तरली. वरच्या थरात पहार घातली, तोच ती आली.

"काय करून राहिलात?"

"भिंत पाडतो. तुमची जागा तुमच्या पदरात टाकतो. माझी चूक झाली, चांगुणाबाई. मी कधी कुणाची बोटभर घेतली न्हाई हो. देवाशपथ."

"मला ठावं हाय ते."

"फूटभर हाय. पन्नास फूट लांब. मला म्हाईतच नव्हतं."

"मला व्हतं," ती म्हणाली.

मी पहार खाली टेकवली.

"घर बांधताना गवंड्यानं सूत धरलं तवाच कळलं. एकोणतीस भरलं. दोनदा भरलं. म्हणला, मावशी, शेजाऱ्यानं खाल्लंय, अर्ज करा."

"मग केला का न्हाई?" मी जवळजवळ ओरडलोच. "चार वर्षं! चार वर्षं तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून गप्प बसला? मी तुमच्यावर वही लिहून राहिलो अन् तुम्ही..."

"म्हणून तर म्हणलं मोजू नका. लोकांत तुमचं तोंड एवढुसं व्हईल, ह्याचीच भीती वाटत व्हती मला." ती फांद्यांच्या ढिगावर हात टेकून उभी राहिली. "भाऊ, सात एकर गेलं माझं. तवा ठरवलं, आता ह्या एवढ्याशा जागेत जे कोण येऊन बसंल त्याला बसू द्यायचं. साळुंकी आली, सरडा आला, मुंगूस पिल्लं घेऊन आलं. कुणाला म्हणलं न्हाई मी, कागद दाव म्हणून. तुम्ही तर माझ्या आधीचे बसलेले. तुम्हालाच कसं उठवू?"

मला राग आला, खरं सांगतो. इतका राग मला कुणा चोराचाही आला नव्हता.

"ते काही न्हाई. मी पाडणार."

"पाडायची न्हाई. बुडाला मातीत बेडकं निजल्यात. थंडीत आत शिरल्यात ती, पाऊस पडल्याबिगर उठत न्हाईत. पहार लागली तर मरतील."

"अन् तोवर ही रेघ? येणारा-जाणारा बघंल, नरसिंग मोजणीवाल्यानं शेजारणीची जागा दाबलीय म्हणून. मी तोंड कसं दाखवू? माझी भिंत हाय, मी पाडतो."

"तुमची कुठं?" ती म्हणाली. "सकाळीच मोजली की. माझ्या हद्दीत हाय, म्हणजे माझी हाय. माझ्या भितीला हात लावू नका."

कायद्यानं तिचं बरोबर होतं. मी कलम शोधत उभा राहिलो. एक सापडेना. शेवटी वरच्या थरातली जी वीट हलली होती ती मी पुन्हा नीट बसवली, पहार उचलली आणि घरात आलो.

सिंधू ताटासमोर तशीच बसून होती.

"अक्का काय म्हणाली?"

"राहू द्या म्हणाल्या."

"भिंत?"

"बेडकं," मी म्हणलं. ताट पुढं ओढलं, पण घास उचलवला नाही. "बेडकं राहू द्या म्हणाल्या. अन् मला."